गोड्या पाण्याची कळशी

तुम्ही शिरगावच्या समुद्रावरून थेट इकडेच आलात ना? मग पाय धुतलेत का? राग मानू नका, दारातली कळशी त्यासाठीच भरून ठेवलेली आहे. दोन्ही घोट्यांवर नीट पाणी घ्या, मग आत या. हां, आता बसा. आत नळ चालू आहे, तिकडे लक्ष देऊ नका. भाविका आंघोळ करते आहे. आजची तिसरी.

पुढच्या वर्षीच्या ट्रायथलॉनला तुम्हाला नाव द्यायचं आहे आणि पंढरी सरांनी तुम्हाला माझ्याकडे पाठवलं आहे. मी तुम्हाला धीर देईन असं सरांना वाटत असणार. मी फक्त झालं तेवढं सांगते. मग तुमचं तुम्ही ठरवा.

आम्ही मूळचे धाराशिवकडचे. टँकरची वाट बघत मोठी झालेली मी, मला पोहणं कुठून येणार? लग्न होऊन बोईसरला आले, यांची इथल्या कारखान्यात नोकरी. माझं शिक्षण दहावी. चव्वेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. चालता चालता पंढरी सरांच्या गटात शिरले. सर शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी मला आधी पळायला लावलं, मग सायकल, मग दोन वर्षं तलावात. आणि एक दिवस माझं नाव लांब पल्ल्याच्या शर्यतीत घालून मोकळे झाले. एकोणीसशे मीटर समुद्रात पोहायचं, नव्वद किलोमीटर सायकल, वर एकवीस किलोमीटर धावायचं. सगळं साडेआठ तासांत.

हे खूप हसले. "राणीसाहेब, शिवणाचा क्लास अर्धा, कॉम्प्युटरचा अर्धा, माझा स्वेटर अजून एका बाहीचा. आता समुद्रही अर्धाच पोहून या."

"अहो, अर्ध्यात थांबलं की बुडतात," मी म्हटलं.

हसण्यावारी नेलं, पण ते मला लागलं होतं. माझं नावच वर्षाराणी, त्यामुळे सगळे राणी म्हणून चिडवतात; पण आयुष्यात पुरं असं मी काहीच केलं नव्हतं. ही एक गोष्ट पुरी करायची होती. शर्यत संपते त्या कमानीखाली भाविका उभी राहणार होती. माझी मुलगी, एकोणीस वर्षांची. तिला पाण्याची इतकी भीती की लहानपणापासून समुद्रावर गेलो तरी चपला हातात घेऊन कोरड्या वाळूवरच उभी राहायची. ती म्हणाली होती, "आई, तू आलीस की मी तुला सोडणारच नाही, घामट असलीस तरी!"

दर रविवारी शिरगावला किल्ल्याच्या बाजूला आमचा सराव चाले. पाण्यातून वर आलं की वाटेत शकूमावशी उभी असायची. सुकी मासळी विकणारी कोळीण, साठीच्या आतली, काटक. तिच्याजवळ गोड्या पाण्याची पितळी कळशी. वर येणाऱ्या प्रत्येकाच्या घोट्यांवर ती पाणी ओतायची. आम्हाला वाटायचं, वाळू जावी म्हणून बिचारी करते. सर म्हणायचे, "काय मावशी, पार्लर उघडलं का?"

"तुमीपन धुवा मास्तर," ती म्हणायची. "वालूचं नाय ते."

मग कशाचं, ते आमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही.

शर्यत जानेवारीत झाली. सकाळी साडेसहाला भरती होती. डाव्या घोट्याला वेळ मोजणाऱ्या चिपचा पट्टा बांधला, नारिंगी टोपी घातली आणि दोनशे जणांबरोबर पाण्यात शिरले. पाणी गढूळ होतं, बोटभर पुढचंही दिसत नव्हतं. बोंबलांचा वास पाण्यातसुद्धा येत होता. पहिल्या बोयापर्यंत, म्हणजे खुणेच्या तरंगत्या गोळ्यापर्यंत, लाथाबुक्क्या झाल्या, मग हळूहळू सगळे पुढे निघून गेले.

दुसऱ्या बोयाच्या पुढे माझ्या तळव्याला कुणाची तरी बोटं लागली. मी घाबरले नाही. सरांनी सांगितलं होतं, मागचा पोहणारा पुढच्याच्या पायांमागे राहतो, त्याला कमी दम लागतो, कधी बोटं लागतात. उलट बरं वाटलं. मी एकटी नव्हते.

शेजारून होडी आली. तिच्यात सुजीत होता, कुणी दमलं तर उचलायला ठेवलेला. "ताई, हात जोरात मारा," तो ओरडला. "तुमीच शेवटच्या हाव!"

मी मान वळवून बघितलं. मागे नुसतं पाणी होतं, मातकट, हलणारं.

पुन्हा पोहायला लागले, तेव्हा ती बोटं घोट्याभोवती आली. त्यांनी ओढलं नाही. गर्दीत लहान मूल आईचा पदर धरतं ना, तशी नुसती धरून राहिली...

मी कशी बाहेर आले मला माहीत नाही. पोहण्याला एक तास दहा मिनिटांची मुदत होती, घड्याळात एक तास आठ झाले होते. सर दोरीपलीकडून ओरडत होते, "पळा राणी, पळा! दोन मिनिटं!" वाटेत शकूमावशी कळशी घेऊन उभी. मी तिच्या बाजूने पळाले.

"अगो बाय, पाय! पाय धुव पयले!"

"वेळ नाही मावशी!"

मागून कळशी खाली पडल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही.

सायकलवर बसले आणि पालघरच्या रस्त्याला लागले. बोईसरपर्यंत जायचं, परत यायचं, अशा दोन फेऱ्या. रोजचा रस्ता, रोजची सायकल; पण त्या दिवशी मागचं चाक जड चालत होतं. चाकात हवा कमी असेल म्हणून उतरून बघितलं, हवा भरपूर होती. पुन्हा बसले, पुन्हा तेच. माझ्या सायकलला कॅरिअर नाही. तरी मागे कुणी बसल्यासारखं वाटत होतं, आणि चढावर तो भार जरासा माझ्या पाठीकडे झुकत होता. ऊन चढलं, ट्रकांचा धूर, कारखान्यांचा तो आंबूस वास, आणि त्या सगळ्यातून माझ्या मानेपाशी ओल्या जाळ्याचा वास.

बोईसरला पाणी द्यायला कारखान्यातली मुलं उभी होती, उत्तरेकडची. एकाने माझ्या हातात केळं दिलं आणि दुसरं केळं माझ्या खांद्यामागे धरून उभा राहिला.

"दीदी, पीछेवाली नहीं ले रही है."

"कौन पीछेवाली?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे बघितलं. त्याचा हात हळूच खाली आला. तो दोन पावलं मागे सरकला.

मी तिथेच सोडून द्यायला हवं होतं. पण सोडायचं म्हणजे घरी फोन करायचा, आणि यांनी म्हणायचं, अर्धंच झालं ना? मी पेडल मारत राहिले. दुसऱ्या फेरीला त्याच रस्त्यावरून परत येताना, भर उन्हात, डांबरावर माझ्या चाकाच्या बाजूने थेंबांची ओळ पडलेली दिसली. अजून वाळलेली नव्हती.

मग धावणं. शिरगावहून पालघरच्या माहीमकडे आणि परत, एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला पानवेलींच्या वाड्या. दुपार झालेली, रस्त्यावर माणूस नाही. माझ्या बुटांचा आवाज येत होता आणि त्याच्या मागोमाग दुसरा. अनवाणी, ओल्या पावलांचा. चप... चप... चप... मी हळू झाले की तोही हळू. मी थांबले की एक पाऊल जास्त पडे, आणि मग शांत. एकदा मी म्हटलंही, "कोण आहे गं?" का कुणास ठाऊक, 'गं' म्हटलं. कुणीतरी माझ्या अगदी जवळ श्वास घेतला, पाण्याबाहेर तोंड काढून घेतात तसा.

एकोणीस किलोमीटर झाले तेव्हा अडीच वाजले होते. मुदत तीनची. दोन किलोमीटर राहिलेले, रांगत गेले असते तरी पोचले असते. समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी शकूमावशी बसली होती. भरलेली कळशी मांडीजवळ.

"तू पाय नाय धुतलंस," ती हळू आवाजात म्हणाली.

"मावशी, माझ्या मागे..."

"ठाव हाय. सकालपासून बसलंय मी तुझ्यासाटी." तिने माझा हात धरला. "माझी हिना हाय ती. माझी पोर."

दोन वर्षांपूर्वी हिना बापाच्या होडीतून पडली होती. मोठी शोधाशोध झाली, पण ती सापडली नाही.

"सापडत नाय ते पायाला धरून येतंय. गोडं पानी घातलं की सुटतंय. ते सुटताना पानी गार व्हतं, माझ्या हाताला कलतं. दोन वर्सं मीच तिला परत लावतंय."

"स्वतःच्या मुलीला? घरी का नाही येऊ देत?"

"आली व्हती ना एकदा. मीच आनली, पाय न धुता." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "चांगली जेवायच्या येलेला दारात उभी. महिन्याभरात तिचा बापूस पान्याकडं चालत गेला. जिथं ती पोचते ना बाय, तिथलं एक मानूस पानी मागून घेतं." मग तिने विचारलं, "तुझ्या वाटेवर कोन उभं हाय?"

"भाविका. माझी मुलगी."

"मग तिकडं जाव नको. आदी पान्यात चल."

मी कमानीच्या दिशेने बघितलं. भोंग्याचा आवाज इथपर्यंत येत होता, कुणाचं तरी नाव पुकारत होते. आठ तास मी त्या आवाजासाठी पळत होते. पण त्या क्षणी मला दोनदा विचार करावा लागला नाही. मी बूट काढले आणि मावशीमागून खाली उतरले. ओहोटीला समुद्र खूप आत गेला होता, चिखलातून चालत चालत गुडघाभर पाण्यापर्यंत पोचलो. मावशीने पायावर कळशी धरली. पाण्याची धार घोट्यावरून जात राहिली, जात राहिली. मावशी ओठांतल्या ओठांत म्हणत होती, "जा बाय... जा माझी शानी..."

कळशी संपली. ती तशीच वाकलेली राहिली.

"गेली?" मी विचारलं.

"पानी गार नाय झालं."

"म्हणजे?"

तिने वर बघितलं, मग वाटेकडे, मग रस्त्याकडे. "वलनापतूर तुझ्या मागं व्हती. मी बघितली. मग..." मी खाली बघितलं. माझ्या डाव्या घोट्याला चिपचा पट्टा नव्हता. त्या जागी चार बोटांचा पांढरा वळ होता.

मी अनवाणी पळाले. ते दोन किलोमीटर मला आठवत नाहीत.

कमानीपाशी पोचले तेव्हा तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. मुलं दोऱ्या गुंडाळत होती. भाविका तिथेच उभी होती, हसत. तिच्या गळ्यात मेडल होतं आणि तिचा पिवळा कुडता पुढून पूर्ण भिजलेला, कडेने मीठ पांढरं धरलेलं.

"आई? परत कुठे पळून आलीस?"

"परत म्हणजे?"

"अगं, मघाशी नाही का आलीस? दोन अठ्ठेचाळीसला. मोबाइलवर तुझं नाव पण आलं, पप्पांना पाठवलं मी. तोंडावर ऊन होतं, मी आधी ओळखलंच नाही तुला. मेडल काढून माझ्याच गळ्यात घातलंस. आणि किती गार होतीस! अशी घट्ट धरलीस की मला श्वासच येईना."

"मी... काही बोलले?"

"एवढंच म्हणालीस, घरी जाऊ या."

मी पाण्याच्या बाटल्या उघडल्या आणि एकामागून एक तिच्या पायांवर ओतल्या. ती ओरडत होती, हसत होती, "आई, मी समुद्रात गेलेच नाहीये!" बाटल्या बर्फाच्या पेटीतल्या होत्या. पाणी गारच होतं. ती सुटली की नाही, मला काही कळलं नाही.

घरी आल्यावर उंबऱ्याबाहेर पुन्हा तिचे पाय धुतले. रात्री झोपताना पुन्हा. हे म्हणाले, "राणीसाहेब, एकदाचं काहीतरी पुरं केलंत, आता पोरीला का छळता?" भाविका शांत झोपली. मी तिच्या पायांशी बसून राहिले, पहाटे कधी डोळा लागला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला जाग आली तेव्हा भाविका माझा पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर लावून दारात उभी होती. तिच्या डाव्या घोट्याला माझ्या चिपचा पट्टा होता. ती म्हणाली, "आई, मला समुद्रात पोहायला शिकव."