तुम्हीही या आमच्याकडे

मला कॅनडात कायमचं राहायला मिळालं. पेढे वाटून घ्या. आणि आता हे घडलेलंच नाही असं धरून पुढे वाचा, कारण त्या हिवाळ्यात तरी मला ते ठाऊक नव्हतं.

तेव्हा माझ्या वर्क परमिटची मुदत संपत आली होती. सस्काटूनमध्ये नदीकाठी एक छोटं खासगी संग्रहालय आहे, तिथे मी पहारा द्यायचो. म्हणजे चित्रांना माणसांपासून वाचवायचं. माणसं येतच नसत, त्यामुळे काम उत्तम चाललं होतं.

माझ्या स्टुलासमोरच्या भिंतीवर ओटिली ब्रांट असायची. जर्मन लेखिका. तिनं जन्मभर कादंबऱ्या लिहिल्या, त्या कुणी वाचल्या नाहीत. लोकांना ती माहीत आहे ती एका चित्रकारानं तिला हिरव्या शालीत खुर्चीवर बसवून रंगवली म्हणून. पाटीवर त्याचं नाव ठळक, खाली बारीक अक्षरात 'बसलेली स्त्री'.

दिवसभर बोलायला दुसरं कोणी नसल्यामुळे मी तिच्याशी बोलायचो. परमिटबद्दल, बर्फाबद्दल, माझा रूममेट राजस याच्या घोरण्याबद्दल. एकदा निघताना जॅकेटची चेन लावत सवयीनं म्हणून गेलो, "या ना कधीतरी घरी, चहाला."

मी पुण्याचा. आमच्याकडे याचा अर्थ 'बरंय, निघतो' एवढाच. त्यावर कुणी येत नाही.

रविवारी दुपारी ग्रोसरी घेऊन परतलो तर आमच्या बेसमेंटच्या दारातच राजस उभा. तो नागपूरचा.

"काऊन बे, पाहुणी येणार होती तर सांगाचं ना! मी बनियनवर होतो."

"कोण पाहुणी?"

"मला काय माहीत? तुयं नाव घेतलं तिनं. चहा दिला, तर पिऊन नाही राहिली, नुसती वाफ पाहून राहिली. अन् घरात हा रंगासारखा, जवसाच्या तेलाचा वास कुठून येऊन राहिला बे?"

आमच्या बेसमेंटची खिडकी छताला लागून आहे. ती अर्धी बर्फात बुजली होती आणि उरलेल्या काचेतून निळसर उजेड झिरपत होता. त्या उजेडात ती बसली होती. हिरवी शाल. बाहेर उणे तीस, आणि तिच्या बुटांना बर्फाचा कण नव्हता.

"बसा," मी म्हणालो. ती बसलेलीच होती.

"तिकडे चांगली सोय आहे," ती म्हणाली. "ऊब असते. शांतता असते. कुणी निघा म्हणत नाही."

ती मराठी बोलत होती की मी जर्मन, हे बघायचं राहूनच गेलं.

"आणि लिखाण काय म्हणतंय?" पाहुण्यांना काहीतरी विचारावं लागतं.

"बसवलेल्या बाईला लिहिता येत नाही." तिनं टेबलावरचं राजसचं पेन उचललं, बोटांत फिरवून पाहिलं. मग अगदी आपल्या घरातल्यासारखं म्हणाली, "तुम्हीही या आमच्याकडे."

"येऊ की! नक्की येऊ," मी म्हणालो.

ती गेली नाही. रात्रीच्या वरणभातापर्यंत राजस तिला मावशी म्हणायला लागला होता.

सोमवारी संग्रहालयात गेलो तर चित्रात खुर्ची रिकामी. मी मॅनेजर डॅरनला हाताला धरून आणलं. त्यानं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे जरा काळजीनं.

"खुर्चीचंच चित्र आहे, बडी. पहिल्यापासून."

पाटीवरही तेच होतं: 'रिकामी खुर्ची'. मी मान डोलावली. नोकरी टिकवायची होती.

परमिट मात्र टिकलं नाही. त्याच आठवड्यात मेल आला. देश सोडावा, असं त्यात फार सभ्यपणे म्हटलं होतं. पुण्यात आईनं शेजाऱ्यांना मी इथे कायमचा राहणार असं सांगून ठेवलं होतं. मी स्टुलावर बसून चित्राकडे पाहत राहिलो. खुर्चीची गादी मधोमध दबलेली होती, कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. चित्रातल्या खिडकीतून मऊ, पिवळा उजेड येत होता. तिथे हिवाळा नव्हता.

आणि मी येतो म्हणालो होतो.

आयुष्यात पहिल्यांदाच मी बोलावल्याबरोबर गेलो.

पद्धतीप्रमाणे बूट चौकटीबाहेर काढले.

गादी अजून गरम होती.

इथे चौकटीत बर्फ वितळला की कळत नाही, पण राजस आला तेव्हा त्यानं पातळ जॅकेट घातलं होतं. बरोबर ती होती. तो अगदी जवळ आला.

"मावशी, पाहा ना. आपल्या जयदीपसारखा दिसते. लेकाचा पुण्याला गेला, एक फोन नाही केला त्यानं."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या बोटांना ताजी शाई लागली होती.

"छे रे," ती म्हणाली. "हा नुसता बसलेला मुलगा आहे."

तिनं त्याच्या हाताला धरलं आणि ती दोघं पुढच्या दालनात गेली.

सबब, संबंधित अधिकाऱ्यांना नम्र विनंती, की प्रस्तुत अर्जदारास आठवड्यातून एकदा, दालनात कोणी नसताना, पापणी मिटण्याची परवानगी देण्यात यावी.