तोलकवच

प्रयोगशाळेच्या गुळगुळीत फरशीवरून श्रीकर एकटा चालत आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेंदूज्वराने त्याचा तोल सांभाळणारा लहान मेंदू अर्धाअधिक निकामी केला होता. सह्याद्रीतले कडे दोराने चढणारा हा माणूस दुखण्यातून उठला तो भिंत धरूनच. आता त्याच्या अंगावर तोलकवच होतं. मानेपासून पायापर्यंत हलका सांगाडा, सांध्यांत मोटरी, स्नायूंना सौम्य विजेचे इशारे देणाऱ्या पट्ट्या. ते बनवलं होतं त्याच्या बायकोने, डॉ. मृदुला खांबेटेने. त्याचं शरीर तोल पुन्हा शिकलं असं धरून आज ते कायमचं उतरवायचं होतं.

"काढ गं लवकर," श्रीकर म्हणाला. "पाठ खाजवायचीसुद्धा सोय ठेवली नाहीस यात."

मृदुला हसली आणि तिने पट्टे सोडले. श्रीकर क्षणभर उभा राहिला आणि ओंडक्यासारखा पुढे कोसळला. हातही पुढे आले नाहीत. कवच मिळण्याआधी तो पडताना निदान हात तरी टेकायचा.

त्याला पलंगावर निजवलं, नाकातलं रक्त थांबवलं. मग मृदुलाचे जुने सहकारी, चेताविज्ञानाचे जाणकार डॉ. होनप यांनी हळूच विचारलं, "चूकमुभा किती ठेवली होतीस?"

मृदुलाने मान खाली घातली. "शून्य."

"अगं, कवच आपण दोघांनी मिळून आखलं ना? तोल शिकायचा तर आधी जायला हवा. शरीर झुकतं, मेंदूचा अंदाज चुकतो, आणि त्या चुकीमुळेच पेशींमधले दुवे बदलतात. म्हणून तर चूकमुभा ठेवून थोडं डगमगू द्यायचं आणि मगच सावरायचं, असं ठरलं होतं."

"मुभा ठेवली होती तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो कवचासकट पडला, होनप. खांद्याचं हाड मोडलं, माझ्या डोळ्यांदेखत. मला पुन्हा ते बघवलं नसतं. म्हटलं, थोडे दिवस राहू दे शून्यावर."

आणि ते थोडे दिवस संपलेच नाहीत. तो इतका छान चालत होता, तिचा जीव इतका भांड्यात पडला होता, की मुभा वाढवायचा धीर तिला कधी झालाच नाही.

"प्रत्येक झोक कवचाने आधीच सावरला," होनप म्हणाले. "श्रीकरच्या मेंदूपर्यंत चूक पोचलीच नाही. पण चुका तर होतच होत्या. त्या कवचाच्या वाट्याला आल्या, आणि तेही शिकणारंच यंत्र आहे."

"म्हणजे शिकलं ते कवच."

"हो. आणि मेंदूतले उरलेसुरले दुवे वापराविना गेले."

"मी परत सुरुवात करते. मुभा देऊन."

"शिकणार काय, मृदुला? शिकणारा भागच आता उरला नाही."

मृदुलाला ते पटलं होतं. पण शास्त्रज्ञाला पुरावा हवा असतो आणि बायकोला पळवाट. चाचणीसाठी वाळू भरलेला एक कापडी पुतळा होता, श्रीकरच्याच वजनाचा. तिने त्याला कवच चढवलं आणि कळ दाबली.

पुतळा उठला, चालू लागला. फरशीच्या टोकाला त्याने डावा खांदा आधी टाकला, मग पाऊल वळवलं.

"कड्यावर मी असाच वळायचो," पलंगावरून श्रीकर म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, आणि तेच मृदुलाला सहन होईना. "मृदुला, त्याला एकदा पाड ना."

तिने दोन्ही हातांनी पुतळ्याला ढकललं. तो हलला नाही. मग रडत रडत, सगळं अंग लावून ढकललं. पुतळा एक पाऊल मागे सरकला, गुडघ्यात किंचित वाकला आणि ताठ उभा राहिला.

श्रीकरला ते बघायचं नव्हतं. त्याने भिंतीकडे वळायचा प्रयत्न केला. तेही जमेना, तेव्हा मृदुलाने येऊन त्याला कुशीवर वळवलं.