न मागता दिलेला कोट

त्याने कोट घेतला ही त्याची चूक, आणि तिने तो दिला ही तिची. त्यातून पुढे जे उभे राहिले त्याला चूक म्हणण्याची मात्र माझी तयारी नाही.

कापडाच्या व्यापाऱ्याच्या त्या मोठ्या घराला दोन दारे होती. समोरच्या दाराने पाहुणे येत. गल्लीत उघडणाऱ्या बाजूच्या दाराशी, थंडीतल्या दर शनिवारी सकाळी, ज्यांच्या अंगावर धड काही नसे अशा माणसांची रांग लागे. त्या दाराचा नियम व्यापाऱ्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे घरातल्या आत्याने, घालून दिला होता, आणि आत्याचा नियम मोडण्याची घरात कुणाची छाती नव्हती. रांगेतल्या माणसाला काहीही विचारायचे नाही. नाव नाही, काम नाही, गरज नाही. अंगाकडे पाहून माप ठरवायचे, कोट द्यायचा, पुढच्याला बोलवायचे. आणि एकदा दिलेली वस्तू परत घ्यायची नाही.

देण्याचे काम घरच्या मुलीकडे होते. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण बसल्या जागीही तिचा एक पाय हलत असे. जेवताना ती उठे, वाचताना खिडकीशी जाई, बोलता बोलता पडद्याच्या दोरीला गाठी मारी.

त्या शनिवारी बाहेर गार भुरभुर लागली होती. रांगेत तो उभा होता... उंच, ओला, कोपरावर उसवलेल्या सदऱ्यातला.

“अहो, मी खरं तर—”

“खांदे सरळ करा.”

“नाही, ऐका तरी. मी यासाठी नाही—”

“इथे काही सांगावं लागत नाही,” ती हलक्या आवाजात म्हणाली आणि मागच्या खुर्चीवरचा तपकिरी कोट तिने त्याच्या खांद्यांवर टाकला. कोट असा बसला की शिंप्याने मान डोलावली असती. तिने कॉलर सारखी केली. ती सगळ्यांचीच करीत असे. पण आज बोटे तिथे जराशी रेंगाळली, आणि हे त्याच्या ध्यानात आले आहे हे तिच्याही ध्यानात आले. तो हसला.

“पुढचे!” ती उगाचच मोठ्याने ओरडली.

दुपारी तिचे वडील घरभर फिरू लागले. “माझा तपकिरी कोट कुणी पाहिलाय का? अस्तर शिवायला म्हणून खुर्चीवर टाकला होता.”

भिंगरीने जीभ चावली.

“दिला तो दिला,” आत्या म्हणाली.

“अगं ताई, आवडता कोट होता माझा!”

“मग शनिवारी रांगेत उभा राहा.”

सोमवारी तो आला, समोरच्या दाराने, कोटाची घडी हातावर घेऊन. शहराच्या मदत कार्यालयात तो अधिकारी होता. ज्यांना कमाई नाही किंवा पुरत नाही, त्यांना सरकारी भत्ता मिळवून देणारी खिडकी त्याच्याकडे होती. या घराच्या बाजूच्या दारापाशी त्या खिडकीची माहिती देणारी एक पाटी लावू द्यावी, एवढी विनंती करायला तो शनिवारी आला होता.

“मग रांगेत कशाला उभे राहिलात?” भिंगरीने विचारले. तिचे कान तापले होते.

“रांग होती म्हणून. दिवसभर मी लोकांना सांगतो, रांग मोडू नका. आणि स्वतःच मोडू?”

“पाटी लावा. कोट मात्र परत घेता येणार नाही.”

“पण मला गरज नाही!”

“ते आम्ही विचारत नाही.”

“तिथेच तर तुमचं चुकतं,” तो म्हणाला, आणि बसा असे कुणी म्हणण्याआधीच बसला. “तुम्ही विचारत नाही, म्हणजे समोरच्याला बोलूच देत नाही. माझ्या खिडकीवर माणूस मान वर करून सांगतो, मला हे हवंय, माझा हक्क आहे.”

“आणि तुम्ही सांगता, पुढच्या आठवड्यात या. तोवर त्यानं हक्क पांघरून झोपायचं वाटतं?”

तो मग मनापासून हसला. तिला वाद जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तिने मात्र समोरच्या पडद्याच्या दोरीला सात-आठ गाठी मारल्या.

त्यानंतर तो शनिवारी येऊ लागला. पाटी वाकडी झाली आहे का, हे पाहायला. ती कधी वाकडी झाली नव्हती. अंगावर तोच तपकिरी कोट असे, कारण परत कुणी घेईना आणि थंडी तर होतीच. भिंगरीचे वडील त्या कोटाकडे टक लावून पाहत, आवंढा गिळत आणि हवापाण्याविषयी बोलत. हा मनुष्य आपल्याकडे असा का पाहतो, हे त्या बिचाऱ्याला कळत नसे.

रांग सरली की दोघे पायरीवर वाद घालीत.

“तुमच्या घरात इतके जास्तीचे कोट आले कुठून?”

“दुकान आहे आमचं. चोरी नाही केली.”

“चोरी म्हणतंय कोण? मी एवढंच विचारतोय, की एका घरात इतके आणि त्या अख्ख्या गल्लीत एकही नाही, हे असं होतं कसं? तुमच्या वडिलांवर थोडा कर जास्त बसला, तर गल्लीतली माणसं स्वतःचा कोट स्वतः विकत घेतील. तुमच्याच दुकानातून.”

“कर भरताना बाबांचा चेहरा पाहिलाय कधी? आणि शनिवारी कोट दिले जाताना?”

“चेहरा तुमच्या बाबांचा खुलतो. घेणाऱ्याचा?”

“तो मी बघते! तुमच्या खिडकीत कोण बघतं?”

“ती शाल गुंडाळून येणारी बाई आठवते? तिच्यासोबत मुलगी असायची.”

“हो. हल्ली येत नाही. तिला बरं नाही का?”

“बरी आहे. तिची मुलगी शाळेत तुमच्या दुकानातल्या कारकुनाच्या मुलीशेजारी बसते. इथल्या रांगेत कुणी पाहिलं तर... म्हणून येत नाही. माझ्याकडे येते. मी तिला रस्त्यात ओळखसुद्धा दाखवत नाही.”

त्या दिवशी तिने कपाटे आवरायला काढली, निम्मी आवरून सोडून दिली, गच्चीत गेली, खाली आली. आपण जिला इतकी वर्षे देत आलो तिला ते घेणे जड जात होते, हे आपल्याला दिसले कसे नाही? आणि ते त्याला दिसले, याचा राग यावा की... की दुसरेच काही?

राग आला असे ठरवून ती त्याच्या कार्यालयात गेली. कोणी चेहरा पाहत नाही हे डोळ्यांनी पाहून यायचे होते. भिंतीला टेकून तिने पाहिले. काचेमागे तो बसला होता. प्रत्येक माणसासाठी मान वर करी, डोळ्यांत पाही आणि विचारी, “बोला, काय हवं आहे?” उत्तर पुरे होईपर्यंत लेखणी उचलीत नसे. एका म्हातारीचे काम मात्र त्या दिवशी झाले नाही. कुठलासा शिक्का राहिला होता. ती हात चोळत बाहेर पडली, तेव्हा भिंगरीने आपले हातमोजे तिच्या हातांत चढवले.

मधल्या सुट्टीत तो बाहेर आला. “पाहिलं मी. तिचे हात आज गरम झाले, ते तुमच्यामुळे.”

“आणि भत्ता मिळेल तो तुमच्यामुळे.”

“छे. तो मिळायचा असतो म्हणून मिळेल. माझं नावही तिला कळू नये.” मग तो जरा घुटमळला. “मला मोठ्या कार्यालयात बोलावलंय. दुसऱ्या शहरात. शुक्रवारी उत्तर द्यायचंय.” त्याने कोटाचे बटण लावले, काढले. “तुम्हाला... काय वाटतं?”



“मला काय वाटायचंय? तुमचं काम, तुमची मर्जी.”

“बरं,” तो म्हणाला. फक्त एवढेच, बरं.

ती घरी आली आणि जिन्यावरून वरखाली करू लागली. त्याला जायचे नसणार. चेहऱ्यावर दिसत होते तसे. मग सरळ उपाय होता! तिने वडिलांना गाठले. दानधर्माचे काम वाढले आहे, व्यवस्थापक नेमायला हवा, आणि त्या अधिकाऱ्याहून योग्य माणूस मिळणार नाही. वडिलांनी तिच्या हलणाऱ्या पायाकडे पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला नोकरी देऊ केली.

संध्याकाळी तो तिच्यासमोर उभा होता. आज हसू नव्हते.

“ही नोकरी तुमच्या सांगण्यावरून?”

“हो. तुम्हाला जायचं नाहीये ना, म्हणून...”

“मी तसं म्हणालो?”

“तुमच्याकडे पाहून वाटलं.”

“अंगाकडे पाहून माप ठरवलंत.” त्याने कोट उतरवला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. “मी काही मागितलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं. तेवढं सोडून सगळं दिलंत. एकदा बाजूच्या दारानं आलो, ते चुकून. पुन्हा नाही येणार.”

तो गेला. तिचे वडील हळूच खुर्चीपाशी आले.

“हात लावू नकोस,” आत्या कडाडली. “तो आपला नाही.” मग भाचीकडे वळून म्हणाली, “भिंगरे, बस इथे. बस म्हणते ना! त्या दाराचा नियम मी का केला, ठाऊक आहे?”

“मागताना माणसाला लाज वाटू नये म्हणून.”

“त्यांना नाही गं. मला वाटायची लाज. कुणी समोर उभं राहून मागितलं की मला जमिनीत जावंसं वाटे, कारण मला स्वतःला कधी कुणाकडे काही मागता आलं नाही. म्हणून मी सगळ्यांचंच मागणं बंद केलं. या घरात देता प्रत्येकाला येतं. मागायला कुणाला जमत नाही. तुझ्या बापाला बघ, हक्काचा कोट, दर शनिवारी समोर दिसायचा, तोंडातून शब्द फुटला का?”

वडिलांनी खिडकीबाहेर पाहिले.

शुक्रवारी भिंगरी कोट हातावर घेऊन कार्यालयात गेली आणि रांगेत उभी राहिली. रांग लांब होती. मधून पुढे जाता आले असते, काचेमागचे सगळे तिला ओळखत होते. ती गेली नाही. आयुष्यात प्रथमच ती कशासाठी तरी रांगेत उभी होती, आणि आपल्या पाठीमागे माणसे असली की पाठ कशी उघडी वाटते, हे तिला समजत होते. सरकत सरकत ती काचेशी पोहोचली.

त्याने मान वर केली. मग तो म्हणाला, जसे सगळ्यांना म्हणे तसेच, “बोला... काय हवं आहे?”

“तुम्ही.”

“अहो बाई, मोठ्यानं बोला,” मागे उभा असलेला एक सुतार म्हणाला. “त्या काचेतून साहेबांना काही ऐकू येत नाही.”

“तुम्ही हवे आहात मला!” ती इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारची खिडकीही थांबली. “जाऊ नका. हक्क नाही माझा, माहीत आहे. आणि दया म्हणून थांबलात तर मुळीच नको. मी... मी मागतेय. मला याआधी कधी मागावं लागलं नाही, म्हणून नीट जमत नाहीये.”

“जमलं, जमलं,” सुताराच्या मागची बाई म्हणाली. “आता आवरा. साहेब, काय ते सांगा की एकदा! आम्हालाही कामं आहेत.”

तो लालबुंद झाला होता. “बाकावर बसा,” तो म्हणाला. “खिडकी बंद होईपर्यंत थांबावं लागेल. रांग आहे.”

आणि भिंगरी बसली. कोट मांडीवर, हात कोटावर. किती वेळ गेला कोण जाणे. तिचा पाय हलला नाही.

खिडकी बंद झाली. तो बाहेर आला तेव्हा रस्त्यावर गार वारा सुटला होता.

“मी कळवलं,” तो म्हणाला. “जात नाही. नोकरी मात्र माझीच करणार. तुमच्या बाबांची नाही.”

“आणि शनिवारी वाद?”

“तो तर घालणारच. कराच्या बाबतीत मी माघार घेतलेली नाही.”

“मीसुद्धा नाही.”

तो तिच्या जवळ आला. “आता माझं एक मागणं. थंडी वाजतेय. तो कोट द्याल?”

“मागताय?”

“मागतोय.”

तिने कोट त्याच्या खांद्यांवर घातला. कॉलर सारखी केली. बोटे तिथेच राहिली, आणि पुढच्याला बोलवायचे तिला सुचले नाही.

“एक सांगायचं राहिलं,” ती पुटपुटली. “हा बाबांचा आहे. आवडता. चुकून दिला गेला.”

तो थबकला. मग इतक्या शनिवारांचे ते टक लावून पाहणे त्याला उमगले, आणि तो हसतच सुटला.

“म्हणजे आता त्यांच्याकडेही मागायला यावं लागणार. समोरच्या दारानं.”

“काय मागायला? कोट?”

“कोटही,” तो म्हणाला.