पुंडलिकची आखणी

पेणजवळच्या जोहे गावातल्या मूर्ती-कारखान्यातली माणसं दुपारी जेवायला घरी गेली, की चंद्रावती नवऱ्याचा डबा घेऊन यायची. आजही आली. पुंडलिक गणपतीचे डोळे आखत बसला होता. ते बघून तिला गणपतीच्याही आधी डॉक्टरांना हात जोडावेसे वाटले.

गेल्या वर्षी याच माणसाने कुंचला टाकला होता. डोळे आखले, की मूर्ती आपल्यावर पाळत ठेवतात, एकमेकींना आपल्या चहाड्या सांगतात, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बाकी सगळ्या बाबतीत माणूस शहाणा! चंद्रावतीने भाबडेपणाने साऱ्या मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. झालं, आगीत तेल.

"बघितलंस? तुलाबी पटलं ना!" तो म्हणाला.

मग पेणच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. समुपदेशक नूतनताई दर गुरुवारी घरी यायच्या. "वाद घालू नका आणि हो ला होही करू नका," त्या सांगत. "शंका आली, की त्यांनी तुम्हाला विचारायचं. तुम्ही दिसेल ते खरं सांगायचं." आधी एक मूर्ती, मग दोन, असं करत हात पुन्हा चालू लागला. झोपही लागू लागली. चंद्रावती सुखात होती, उगाच कशाला लपवा!

पंख्याची घरघर थांबली. वीज गेली होती. ओल्या शाडूचा वास एकदम दाटला.

"चंद्रे..." पुंडलिक हळूच म्हणाला, "जरा हिकडं ये गो. एक विचारायचं हाय."

कोपऱ्यात सकाळीच साच्यातून काढलेली मूर्ती होती. ओली, करडी. अजून ती वाळायची, घासायची, रंगवायची होती. डोळे तर सगळ्यात शेवटी.

"हिला डोळे हायत का? मी नाय आखले..."

तिने वाकून पाहिलं. दोन काळेभोर, रेखीव डोळे. बोट लावलं, तर रंग ओला. कारखान्यात दोघांशिवाय कोणी नव्हतं. नाही म्हणावं, तर ते खोटं, वर्षभराची मेहनत पाण्यात. आणि हो म्हणावं, तर...

"हायत," ती कशीबशी म्हणाली.

पुंडलिक खळखळून हसला. "म्हंजे मी बरा हाय! चल, जेवूया."

डबा उघडून त्याने भाकरी मोडली आणि पुन्हा एकदा कोपऱ्याकडे निवांत नजर टाकली.

"आनि बघ, माझ्याकडं बघत पन नाय ती."

खरंच होतं. ती चंद्रावतीकडे बघत होती.