टाळी कोणाची?

भयकथा वाचायच्या तर भरल्या पोटी, असं निवेदिकाबाईंचं ठाम मत होतं. उपाशी माणूस कशालाही घाबरतो, त्यात गोष्टीचं काय कौतुक? म्हणून नव्या संग्रहातल्या गोष्टी त्यांनी जेवून, पलंगावर लोळत फस्त केल्या. मधेच 'अगं बाई!' म्हणून पुस्तक छातीशी धरायच्या आणि लगेच अधाशासारखं पुढचं पान उलटायच्या. शेवटची गोष्ट मात्र त्यांनी राखून ठेवली. ती थेट माइकसमोरच वाचायची. वाचणाराच घाबरला नाही तर ऐकणारा काय डोंबल घाबरणार!

धंद्याच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा होता, कारण त्या गोष्टीवरच सगळं अडलं होतं. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर बाईंचा आवाज परत आला तो चिरका होऊन. फोनवर लोक त्यांना 'बोला काका' म्हणायचे. कामाला कोणी बोलवेना. आता हा संग्रह ध्वनिमुद्रित होणार होता आणि लेखक महाशयांना मालिकेतली एक गोड गळ्याची नटी हवी होती. बाईंनी बरीच गळ घातल्यावर ते म्हणाले, शेवटची गोष्ट वाचून दाखवा. पटलं तर अख्खं पुस्तक तुमचं. नाही पटलं, तर यापुढे कोणीच विचारणार नाही, हे बाईंना सांगायची गरज नव्हती.

दुपारी त्या स्टुडिओत पोचल्या. स्पंज लावलेल्या भिंती, एक खुर्ची, एक दिवा, माइक. जाड काचेपलीकडे लेखक महाशय हाताची घडी घालून बसलेले, आणि शेजारी ध्वनिमुद्रक. त्याला सगळे कानसेन म्हणत. दोन खोल्यांपलीकडे कोणी नाक ओढलं तरी तो मुद्रण थांबवायचा.

"ताई, चुकलीस की टाळी. विसरली नाहीस ना?" तो हेडफोनमधून म्हणाला.

"आवाज विसरलाय रे, हात नाही विसरले."

वाचताना चूक झाली की वाचणाऱ्यानं टाळी वाजवायची आणि ते वाक्य पुन्हा घ्यायचं, ही तिथली रीत. पडद्यावर टाळीची उंच रेघ उठते. मागाहून ती शोधून कानसेन चुकीचा तुकडा कापतो.

गोष्ट होती एका किल्लीवाल्याची. जुन्या घरातली एक खोली आतून बंद आहे, आत कोणी राहत नाही, तरी कडी आतून लागते. बाई रंगल्या. तिसऱ्या पानावर टाळी वाजली.

त्या थांबल्या. दोन्ही हात पुस्तकावर होते.

"काय चुकलं?" कानसेननं विचारलं.

"मी नाही वाजवली."

"मग मी वाजवली? ताई, काच आहे मधे." त्यानं मुद्रण मागे नेऊन ऐकलं. टाळी होती. आणि तिच्याआधीच्या वाक्यात बाईंचा आवाज पुसटसा फाटला होता, तो कानसेनच्याही कानातून निसटला होता. बाईंनी वाक्य पुन्हा घेतलं.

पुढची टाळी पडली तेव्हा त्या चुकल्याच नव्हत्या. सगळे शब्द बरोबर होते. बाईंना राग आला, पण प्रामाणिकपणे पाहता ते वाक्य त्यांनी नुसतं उरकलं होतं. पुन्हा वाचलं, तेव्हा त्यांच्याच अंगावर काटा आला.

मग त्या घाबरायचं सोडून ईर्षेला पेटल्या. टाळी आली की वाक्य पुन्हा. आवाज लपवायचा त्यांनी सोडून दिला. जिथे तो फाटायचा तिथे त्याला फाटू दिला, आणि तिथे टाळी येईनाशी झाली. लेखक महाशयांची हाताची घडी सुटली होती. कानसेनच्या कपाळावर घाम होता.

शेवटचं वाक्य आलं. 'खोली रिकामी होती. वारा असेल, असं म्हणून किल्लीवाला हसला आणि घरी गेला.'

टाळी.

पुन्हा वाचलं. टाळी.

"ताई, बस कर," कानसेन हळूच म्हणाला. "तुझं काही चुकत नाहीये."

"माझं नाही चुकत. मग गोष्टच चुकतेय!"

त्यांनी पुस्तक मिटलं.

"खोली रिकामी होती. वारा असेल, असं म्हणून किल्लीवाला हसला. मागे वळला. ज्या दारातून तो आत आला होता, त्याची कडी आतून लागलेली होती."

'कडी'वर आवाज उभा चिरला.

टाळी आली नाही.

काचेपलीकडे लेखक महाशय उभे राहिले होते. दार उघडून आत आले तेव्हा त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

"हा शेवट मी लिहिला होता. शब्द न् शब्द हाच. झोप लागेना म्हणून फाडून टाकला. बायकोलासुद्धा दाखवला नव्हता. तुम्हाला कोणी सांगितला?"

"तोंडात आला," बाई म्हणाल्या. खरंच तसं झालं होतं.

लेखक महाशयांनी हात जोडले. "पुस्तक तुमचं. पुढचंही तुमचंच. आणि शेवट हाच राहील."

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. इतके दिवस त्या ज्याला लपवू पाहत होत्या, त्याच चिरक्या आवाजानं आज त्यांना जिंकून दिलं होतं. त्या मोठ्यांदा हसल्या, अगदी काकांसारख्या, आणि त्या हसण्याची त्यांना मुळीच लाज वाटली नाही.

लेखक महाशय गेल्यावर कानसेननं त्यांना आत बोलावलं. पडद्यावर टाळ्यांच्या रेघा दिसत होत्या.

"पहिली लांबून आलीय. भिंतीजवळून. मग प्रत्येक वेळी जवळ," तो म्हणाला. "शेवटची तुझ्या तोंडापेक्षाही माइकच्या जवळ आहे."

"ऐकायला पुढे सरकलं असेल," बाई म्हणाल्या. "गोष्ट रंगली की आपण नाही का सरकत?"

दुसऱ्या दिवशी त्या संग्रहातली पहिली गोष्ट वाचायला बसल्या. श्वासाचा फटका बसू नये म्हणून माइकपुढे एक गोल कापडी जाळी लावलेली असते. कापड त्यांच्या बाजूला किंचित फुगलं होतं, पलीकडून कोणी कान टेकवावा तसं. बाईंनी बोट लावून पाहिलं. कापडाला ऊब होती.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.