मानसीच्या बाईकवर मागे बसलेली

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण प्रिती माझी सख्खी मावसबहीण आहे आणि उगाच काही रचून सांगणाऱ्यातली ती नाही.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. रविवार. रात्र नव्हती, अंधार नव्हता. भर दुपारचे साडेतीन. शिवडीला बंदराजवळच्या मोकळ्या मैदानात लाल माती टाकून ट्रॅक केला होता. मुलींची बाईक रेस.

प्रितीची धाकटी बहीण मानसी त्यात उतरणार होती.

मानसीला बाईक शिकवली प्रितीनेच. परळला, चाळीमागच्या रस्त्यावर, पहाटे उठून. आधी रेसमध्ये प्रितीच उतरायची. मग बाबा अंथरुणाला खिळले, तिने नोकरी धरली आणि हेल्मेट माळ्यावर गेलं.

ते मानसीने खाली काढलं. नंबरही तोच घेतला. सत्तेचाळीस.

विचारलंसुद्धा नाही.

प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये आई प्रितीच्या उजवीकडे बसली होती. शेजारच्या बाईंना सांगत होती, "ती बघा, सत्तेचाळीस नंबर, माझी धाकटी! एवढं धाडस आमच्या घरात कुणातच नव्हतं हो."

प्रितीने ऐकलं. आतून जळत गेली.

रेस सुटली. कानठळ्या बसवणारा आवाज, धुरळा, आरडाओरडा. दुसऱ्या लॅपला मानसी सगळ्यांच्या पुढे.

सगळं स्टँड उभं राहिलं. प्रिती बसूनच राहिली.

आणि अचानक... आवाज बंद झाला.

बाईक धावत होत्या. आईचं तोंड ओरडताना उघडं होतं. पण ऐकू काहीच येत नव्हतं...

प्रितीच्या डावीकडे कुणीतरी बसलं होतं.

रेसचे कपडे. डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली. सगळ्यांच्या अंगावर लाल धूळ... हिच्यावर कणभरही नाही.

"नंबर तुझा होता ना?"

आवाज मुलीचा. प्रितीने नुसती मान हलवली.

"पाडू?"

तेव्हाच उठून जायला हवं होतं, असं प्रिती आजही म्हणते. पण तिच्या तोंडून निघालं...

"एकदाच."

सगळा आवाज एकदम कानांवर आदळला. डावीकडची जागा रिकामी होती.

मानसी वळणावरून बाहेर आली.

तिच्या मागे कुणीतरी बसलं होतं...

त्या बाईकला मागे पाय ठेवायलाही जागा नसते.

"आई, तिच्या मागे कोण आहे?"

"कुठे काय? तू पण ओरड की जरा!"

प्रिती धक्के देत बॅरिकेडपर्यंत धावली. "मानसी, थांब! नको! नको म्हणतेय मी!"

समोर मातीचा उंचवटा होता. बाईक हवेत गेली... आणि मागून कुणीतरी खेचावी तशी उलटली.

खांद्याचं हाड मोडलं. जिवावरचं टळलं. संध्याकाळी आई चहा आणायला खाली गेली, तेव्हा हॉस्पिटलच्या कॉटवर मानसीने डोळे उघडले.

"ताई, माझ्या मागे कुणीतरी बसलं होतं गं. कमरेला मिठी मारली होती. इतकी घट्ट की श्वास घेता येईना. आणि कानात म्हणाली..."

"काय?"

"ताईने सांगितलंय."

मानसी तिच्याकडे बघत राहिली. प्रितीने पाण्याचा ग्लास पुढे केला.

मानसीने तो घेतला नाही.

नंतर आम्ही खूप चौकशी केली. त्या मैदानात कधी कुणी मुलगी मेल्याचं कुणालाच ठाऊक नाही.

मानसी आता बरी आहे. पुढच्या महिन्यात परत उतरतेय, त्याच नंबरने. आई भेटेल त्याला सांगत सुटलीय.

परवा प्रिती माझ्याकडे आली होती. "मी नाही जाणार रेसला," म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, ती मागे बसलेली परत थोडीच येणार आहे?"

प्रिती जायला उठली.

"आली आणि परत विचारलं, तर मी काय म्हणेन... तेच मला माहीत नाही."