बोट लागलीया

हे मी रचून सांगत नाही. गेल्या ऑक्टोबरातला मंगळवार, दुपारचे पावणेतीन. जागा कळंब्यातलं आमचं दोन खोल्यांचं घर. रात्र नव्हती, बाहेर लख्ख ऊन होतं. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल पुढं जावं.

आधी एक कबूल करतो. माझा आत्तेभाऊ पृथ्वीराज मला कधी बघवला नाही.

आई-वडील गेल्यावर आत्तीनं, शालूबाईनं, मला सांभाळलं. उपाशी कधी ठेवलं नाही. पण तव्यावरची पहिली भाकरी त्याची, दुसरी माझी. पुढं शाहूपुरीतल्या एका एजंटाकडं आम्ही दोघांनी इटलीच्या नोकरीसाठी पासपोर्ट दिले.

एजंट म्हणाला, "एकच जागा हाय."

त्यानं निवडलं पृथ्वीला.

मार्चमध्ये मला त्याचा एक व्हॉइस मेसेज आला. एक्केचाळीस सेकंदांचा. मी त्यातले चार ऐकले.

"गुंड्या, बोट लागलीया..."

शेवटचा टप्पा बोटीचा, हे एजंटानं सांगितलंच होतं. म्हणजे पोचला. माझं अंग पेटलं. आता हा तिथलं कौतुक ऐकवणार, म्हणून मी मेसेज बंद केला. आत्तीला सांगितलं, पृथ्वी पोचला. एजंटालाही तेच कळवलं. आत्तीनं गल्लीभर पेढे वाटले. मी एकही खाल्ला नाही.

नंतर त्याचा फोन नाही. मेसेज नाही. आत्ती म्हणायची, कामात असंल. मला वाटायचं, साहेब झाला, विसरला.

त्या मंगळवारी मी घरात एकटा होतो. मोरीतून आवाज आला...

कुणीतरी ओकत होतं.

आत गेलो. कुणी नाही. मोरी कोरडी ठणठणीत, नळाला पाणीसुद्धा नव्हतं.

मी वळलो, आणि पाठीमागं पुन्हा...

बुधवारी तीच वेळ, तोच आवाज. गुरुवारी आत्ती घरात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

"अगदी आमच्या पृथ्वीवानी," ती म्हणाली. "आजऱ्याच्या येस्टीत बसला की त्याला गाडी लागायची. पार कोल्हापूर येस्तोवर वकत यायचा."

गाडी लागायची.

बोट किनाऱ्याला लागली नव्हती. पृथ्वीला बोट लागली होती. तो ओकत होता, आणि मी पोचला म्हणून सांगून मोकळा झालो होतो.

तरीही मी तो मेसेज उघडला नाही. उघडला असता तर आत्तीला सांगावं लागलं असतं.

आठवड्यानं संघप्रिया मॅडम आल्या. दिल्लीच्या तपास पथकातल्या, पण मूळच्या आपल्याकडच्या. पोरांना इटलीचं सांगून लिबियात उतरवायचं आणि तिथून मोडक्या बोटीत कोंबायचं, अशी ती टोळी होती. तीन देशांच्या पोलिसांनी मिळून धरली होती. पृथ्वीची बोट मार्चमध्येच बुडाली होती.

"माझा पोरगा पोचलाय," आत्ती म्हणाली. "गुंडूला विचारा की."

"त्या टोळीचा वकील बी हेच म्हणतोय, मावशी. घरच्यांनीच कळवलंय म्हणं." मॅडम माझ्याकडं वळल्या. "पृथ्वीचा शेवटचा काय मेसेज आला असंल तर उद्या घेऊन या. त्याच्याबिगर एजंट सुटंल."

मोरीत पुन्हा सुरू झालं...

मॅडमनी आत बघितलं. "कोण आजारी हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्तीला सगळं सांगितलं. ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त माझ्याकडं पाठ करून बसली.

दुपारी मॅडमच्या ऑफिसात माझा जबाब झाला. समोर पडद्यावर इटलीतले सरकारी वकील आणि एक मराठी दुभाषी. पहिल्यांदाच तो मेसेज पूर्ण वाजला.

ओकता ओकता पृथ्वी सांगत होता. एजंटाचं नाव. बोटवाल्याचं नाव. बासष्ट माणसं, इंजिन बंद, आत पाणी. मग म्हणाला, "गुंड्या, तू ह्यांच्या नादाला लागू नको. तुझा पासपोर्ट काढून घे."

मरताना त्याला माझी काळजी होती. मला लाज वाटली.

पुढं नुसता पाण्याचा आवाज...

आणि एकदम जवळून, कानाशी बोलावं तसा...

"आईला आज सांगितलंस न्हवं? बरं केलंस."

दुभाष्यानं तेही वाक्य न अडखळता सांगितलं. ते दोन भाषांत लिहून घेतलं गेलं. मेसेज मार्चचा आहे, मग हे 'आज' कुठलं, असं कुणीच विचारलं नाही.

एजंट आता आत आहे. मोरीतला आवाज थांबला.

आत्ती मात्र माझ्याशी बोलत नाही. मॅडमनी तिला तो मेसेज तिच्या मोबाईलवर दिलाय. रोज दुपारी ती दार लोटून ऐकत बसते. मी बाहेर उभा असतो. मेसेज संपतो... आणि आत्ती हसते. "व्हय रं," म्हणते. थोडं थांबते. "जेवलास न्हवं?" म्हणते. परत थांबते, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी. असं तासभर चालतं.

मी दाराला कान लावतो. मला काहीच ऐकू येत नाही.

भीती वाटते, नाही असं नाही. पण खरं सांगतो, त्याहून जास्त जळायला होतं. माझ्याशी तो तेवढंच बोलला.